कागदावरचा सॅक्सोफोन

एखादा थोर वादक गेला की त्याच्या नावाने महोत्सव सुरू होतो, आणि अशा महोत्सवाचा साचाही आता ठरून गेला आहे. व्यासपीठामागे त्याचा मोठा फोटो, सुरुवातीला त्याच्या दोन-चार गाजलेल्या रचना आणि मग आजच्या कलावंतांचं स्वतःचं वादन. यात गैर काही नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९३ पासून दर ऑगस्टमध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या नावाने जॅझ महोत्सव भरतो. पार्कर ज्या घरात राहायचा, त्याच्या समोरच्याच टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेशी हा महोत्सव जोडलेला आहे. प्रवेश फुकट असतो आणि आजचे वादक तिथे येऊन आपापल्या ढंगाने वाजवतात. पार्करचा वारसा मुळात वाजवण्याचाच होता, तेव्हा वाजवणाऱ्यांनी वाजवूनच तो पुढे न्यावा हे रास्त. भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला त्यामागेही हाच हिशेब होता. गुरूची विद्या शिष्याच्या गळ्यात असते. शिष्य मन लावून गायला की गुरूचं ऋण थोडंफार फिटतं. पण ज्याच्या नावाने महोत्सव भरवायचा तो नुसता वादक नसून अरेंजरही असेल, तर हा हिशेब अर्धाच जमतो. त्याच्या कर्तृत्वाचा उरलेला अर्धा भाग कुणाच्या गळ्यात नसतो की बोटांत नसतो. तो कागदावर असतो, आणि कागद आपणहून वाजत नाही. जॅझमधल्या सॅक्सोफोनवादक-अरेंजरांच्या बाबतीत हा अर्धा भाग बहुतेक वेळा वाऱ्यावर सोडला गेला आहे. तो सांभाळायचा ठरवला तर काय करता येतं, याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका चिमुकल्या गावी सापडतं. पण तिथे जाण्याआधी अरेंजर नेमकं काय करतो ते पाहायला हवं.

हिंदी चित्रपटसंगीतावर वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. चाल संगीतकाराची असते. पण अंतऱ्याआधी व्हायोलिनांनी काय वाजवायचं, बासरी कुठे यायची, मुखड्याखाली चेलोंनी कोणता सूर धरायचा, हे ठरवून प्रत्येक वादकासमोर त्याचा कागद ठेवणारा माणूस म्हणजे अरेंजर. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये हे काम सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशा गोव्याच्या मंडळींनी वर्षानुवर्षं केलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जायचं आणि मुंबईच्या हॉटेलांमध्ये जॅझ आणि नाचाच्या बँडना काम मिळायचं. या दोन्हींचा फायदा चित्रपटसृष्टीला झाला. कोलकात्याहून आलेले मनोहारी सिंग हे सॅक्सोफोनवादकही होते आणि बासू चक्रवर्तींच्या जोडीने आर. डी. बर्मन यांचे अरेंजरही. आज पुण्या-मुंबईत जुन्या गाण्यांचे कार्यक्रम होतात तेव्हा मनोहारींचा सॅक्सोफोन हमखास आठवला जातो, त्यावर टाळ्याही पडतात. त्यांच्या हातचे कागद कुठे आहेत, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. त्या कार्यक्रमांतले वादक बहुधा रेकॉर्ड ऐकून नव्याने कागद तयार करतात.

जॅझच्या बिग बँडमध्ये हे काम आणखी अवघड होतं, कारण तिथे कागदाला गायकाचा आधार नसतो. नेहमीच्या मांडणीत पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बेस, ड्रम्स अशी सतरा माणसं असतात. त्यातला सॅक्सोफोनचा ताफा हा अरेंजरच्या कसबाचा खरा कस. जॅझमध्ये ‘सोली’ नावाचा प्रकार आहे: पाचही सॅक्सोफोन एकच लांबलचक, वळणावळणांची सुरावट एकाच लयीत वाजवतात, पण सगळ्यात वरचा अल्टो मूळ सुरावट धरतो आणि खालचे चौघे प्रत्येक सुराला वेगवेगळे जोडसूर देत त्याच्याबरोबर धावतात. ऐकणाऱ्याला वाटतं की एकाच माणसाला त्या क्षणी सुचलेली सुरावट पाच तोंडांनी बाहेर पडते आहे. प्रत्यक्षात त्यातला एकेक सूर कुणीतरी आधी टेबलाशी बसून लिहिलेला असतो, आणि चौथ्या सॅक्सोफोनच्या वाट्याला आलेली ओळ एकटी वाजवून पाहिली तर ती विचित्र, अडखळणारी वाटू शकते. ती मुद्दाम तशी ठेवावी लागते, म्हणजे पाचांची मिळून होणारी ओळ सरळ धावते. अशी सोली लिहायची तर माणूस सुरांच्या जोडणीचा पक्का जाणकार असावा लागतो आणि स्वतः चांगला सॅक्सोफोन वाजवणाराही. कुठे श्वास घ्यावा लागेल, कोणत्या सुरावरून कोणत्या सुरावर बोट सहज सरकेल, हे हात ठरवतो. वादक आणि अरेंजर ही एकाच माणसाची दोन रूपं एकमेकांवर किती अवलंबून असतात ते इथे दिसतं. म्हणूनच महोत्सवाने त्यातलं एकच रूप उचलणं खटकतं.

बेनी कार्टर हे या प्रकारच्या लेखनातलं सर्वांत मोठं नाव. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा माणूस २००३ मध्ये, म्हणजे शहाण्णवाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर गेला. आणि नव्वदी गाठेपर्यंत लिहीत आणि वाजवत होता. अरेंजिंग त्याला कुणी शिकवलं नाही. बाजारात मिळणाऱ्या छापील अरेंजमेंटचे सगळे सुटे कागद जमिनीवर पसरायचे, गुडघ्यांवर बसून एका वाद्याचा कागद दुसऱ्याशी ताडून पाहायचा आणि मग स्वतः लिहायला घ्यायचं, ते सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र दाखवणारा पूर्ण स्कोअर न मांडता सरळ एकेका वाद्याचा कागद, पहिल्या अल्टोपासून. असं तो शिकला. पुढे फ्लेचर हेंडरसनच्या बँडसाठी त्याने लिहिलं, स्वतःचा बँड काढला, १९३५ मध्ये युरोप गाठलं. १९३६ मध्ये त्याला लंडनला बोलावलं गेलं ते हेन्री हॉलच्या बी.बी.सी. डान्स ऑर्केस्ट्रासाठी लिहायला. अमेरिकन वादकांनी इंग्लंडमध्ये जाहीर वादन करण्यावर तेव्हा बंधनं होती, तेव्हा त्याचा सॅक्सोफोन बराचसा पेटीत राहिला आणि लेखणी चालू राहिली. आठवड्याला तीन ते सहा अरेंजमेंट या वेगाने. एकाच माणसातले वादक आणि लेखक सरकारी नियमाने इतक्या स्वच्छपणे वेगळे केल्याचं उदाहरण विरळाच. आजचे महोत्सव नेमकं याच्या उलट करतात: वादकाला आत घेतात आणि लेखकाला दारात उभं करतात.

कार्टरच्या लेखनाचं आयुष्य किती असू शकतं हे दोन ध्वनिमुद्रणांवरून कळतं. २८ एप्रिल १९३७ रोजी पॅरिसमध्ये कोलमन हॉकिन्स, कार्टर आणि दोन फ्रेंच सॅक्सोफोनवादक, आंद्रे एकियां आणि आलिक्स कोंबेल, यांनी चार सॅक्सोफोनांचा संच घेऊन ‘हनीसकल रोझ’ आणि ‘क्रेझी रिदम’ ध्वनिमुद्रित केली. गिटारवर जँगो राइनहार्ट होता, आणि व्हायोलिनसाठी प्रसिद्ध असलेला स्तेफान ग्रापेली त्या दिवशी पियानोवर बसला होता. चोवीस वर्षांनी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, कार्टरने न्यूयॉर्कमध्ये तीच कल्पना पुन्हा मांडली. हॉकिन्स पुन्हा होता. बाकीच्या दोन खुर्च्यांवर चार्ली राउझ आणि तिशीतला फिल वुड्स बसले. ‘फर्दर डेफिनिशन्स’ नावाने निघालेली ती तबकडी जॅझच्या जाणकारांच्या कपाटात आजही असते. तिच्यात प्रत्येकाचा एकल तुकडा आहे आणि प्रत्येकाने आपल्या काळाच्या भाषेत वाजवलं आहे: हॉकिन्स एका पिढीचा, वुड्स पार्करनंतरच्या पिढीचा. तरीही चौघे एकत्र येतात तेव्हा तो आवाज कार्टरचा असतो. १९३७ च्या चौघांपैकी दोघे बदलले, बेस आणि ड्रम्स बदलले, जॅझची सगळी बोलीच बदलली. टिकून राहिली ती लिहिण्याची रीत. वादकाच्या नावाने भरणाऱ्या महोत्सवात नेमकी हीच टिकलेली गोष्ट ऐकायला मिळत नसेल, तर त्या नावाचा उपयोग काय?

हा फिल वुड्स पुढे डेलावेअर वॉटर गॅप या गावी राहायला गेला. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत, नदीकाठी वसलेल्या या गावाची वस्ती हजाराच्याही आत. न्यूयॉर्कहून गाडीने साधारण दीड-दोन तासांचं अंतर. आजूबाजूला पोकोनो डोंगरातली विश्रामस्थळं होती. तिथल्या हॉटेलांना बँड लागायचे, घरभाडं शहरापेक्षा कमी, आणि एखादं ध्वनिमुद्रण असलं तर न्यूयॉर्क आटोक्यात. म्हणून पुष्कळ जॅझवाले या पट्ट्यात येऊन राहिले. गावातल्या डियर हेड इन या जुन्या खानावळवजा हॉटेलात १९५० च्या सुमारापासून जॅझ वाजतो आहे. किथ जॅरेटने १९९२ मध्ये तिथेच एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. १९७८ साली वुड्स, ट्रॉम्बोनवादक रिक चेंबरलेन आणि त्यांचा मित्र एड जूबर्ट या तिघांनी मिळून गावात ‘सेलिब्रेशन ऑफ द आर्ट्स’ नावाचा महोत्सव सुरू केला. आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘कोटा’ म्हणतात. तो सप्टेंबरमधल्या कामगार दिनानंतरच्या शनिवार-रविवारच्या आसपास भरतो. स्टेजवर जॅझ असतो, चित्रप्रदर्शन असतं, रविवारी गावच्या चर्चमध्ये जॅझच्या साथीने प्रार्थना होते. हा महोत्सव वुड्सच्या नावाने नाही. वुड्स आणि चेंबरलेन दोघेही २०१५ मध्ये गेले. तोवर तो त्यांचा स्वतःचा, जिवंत माणसांचा महोत्सव होता आणि आता वारशाचा झाला आहे. माझ्या मते वुड्ससारख्या माणसाचं स्मरण करण्याची ती अधिक बरी रीत आहे, आणि त्याचं कारण महोत्सवाच्या स्टेजपेक्षा त्याच्या आजूबाजूला काय उभं राहिलं त्यात आहे.

जवळच्याच कॅनडेन्सिस भागात आणखी एक सॅक्सोफोनवादक-अरेंजर राहायचा: अल कोन. १९४८ मध्ये वुडी हर्मनच्या बँडमधल्या ‘फोर ब्रदर्स’ या गाजलेल्या सॅक्सोफोन ताफ्यात हर्बी स्टुअर्डच्या जागी आलेला, आणि पुढे झूट सिम्सबरोबरच्या जोडीसाठी ओळखला जाणारा हा टेनरवादक. रसिकांना तो वादक म्हणूनच ठाऊक असतो. पण घर चालवण्यासाठी कोनने आयुष्यभर लिहिलं: हर्मन, गेरी मलिगन यांच्या बँडसाठी, टेलिव्हिजनसाठी, ब्रॉडवेसाठी. १९८१ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘सोफिस्टिकेटेड लेडीज’ या ड्यूक एलिंग्टनच्या संगीतावरच्या नाटकाचं वाद्यसंयोजन त्याचंच. १९८८ मध्ये तो गेला, आणि त्याच वर्षी जवळच्या ईस्ट स्ट्राउड्सबर्ग विद्यापीठात त्याच्या नावाने जॅझ संग्रह उभा राहिला. त्यात रेकॉर्ड आहेत, फोटो आहेत. पण खरं मोल त्याने लिहिलेल्या कागदांचं. पुढे वुड्सचेही कागद तिथे आले. वुड्सही नुसता अल्टो वाजवणारा नव्हता. १९६१ मध्ये, म्हणजे ‘फर्दर डेफिनिशन्स’च्याच वर्षी, त्याने आठ वादकांसाठी ‘राइट्स ऑफ स्विंग’ हे पाच भागांचं सलग काम लिहून ध्वनिमुद्रित केलं होतं, फ्रेंच हॉर्नसकट. बिली जोएलच्या ‘जस्ट द वे यू आर’ या १९७७ च्या गाण्यातला त्याचा सॅक्सोफोन जगभर कोट्यवधी लोकांनी ऐकला. ‘राइट्स ऑफ स्विंग’ ऐकलेले लोक त्या मानाने मूठभर.

कोटाचं वैशिष्ट्य असं की परिसरातल्या शाळांमधल्या मुलांचा एक बिग बँड, ‘कोटा कॅट्स’, दर वर्षी महोत्सवात वाजवतो. मुलं उन्हाळ्यात तालमी करतात आणि त्यांच्यासमोर बाजारात मिळणाऱ्या शालेय अरेंजमेंटबरोबरच याच भागात राहिलेल्या संगीतकारांनी लिहिलेले कागद असतात. महोत्सवाशी जोडलेलं उन्हाळी शिबिर आहे, तिथल्या मुलांना विद्यापीठातला संग्रह दाखवायला नेतात. डियर हेड इनमध्ये वॉटर गॅप जॅझ ऑर्केस्ट्रा नावाचा मोठ्यांचा बँड वाजवत आला आहे, तोही कोन आणि वुड्स यांच्या कागदांना हात घालतो. म्हणजे महोत्सव, संग्रह, शाळेची मुलं आणि एक खानावळ अशी साखळी तयार झाली. महोत्सव वर्षातून तीन दिवसांचा. पण त्याच्या निमित्ताने वर्षभर कुणीतरी एखादा जुना कागद काढून, धूळ झटकून, स्टँडवर लावतो. अरेंजरच्या वारशाला याहून वेगळं काही लागत नाही.

कागद वाजता ठेवणं हे ऐकायला सोपं वाटतं. सतरा वादकांच्या एका रचनेचे सतरा सुटे कागद असतात. बँड वर्षानुवर्षं गावोगाव फिरलेला असतो; एखाद्या हॉटेलात तिसऱ्या ट्रॉम्बोनचा कागद राहून गेलेला असतो. नाचाच्या कार्यक्रमात रचना लांब वाटली म्हणून पेन्सिलने मधला भाग कापलेला असतो, आणि तो काप पाच कागदांवर असतो, बाकीच्यांवर नसतो. नक्कल करणाऱ्याने घाईत एखादा सूर चुकवलेला असतो आणि वादकांनी तो तोंडी दुरुस्त केलेला असतो, कागदावर चूक तशीच. कधी पूर्ण स्कोअर मुळातच नसतो. कार्टरसारखा सरळ सुटे कागद लिहिणारा माणूस असला तर तो कधी नव्हताच. हे सगळं जुळवायला जाणकार माणूस, वेळ आणि पैसा लागतो, आणि ते काम पूर्ण झाल्यावर टाळ्या त्याला पडत नाहीत.

यावर पहिली हरकत अगदी उघड आहे. जॅझ म्हणजे त्या क्षणी सुचलेलं वाजवणं. साठ वर्षांपूर्वीचा कागद जसाच्या तसा वाजवायचा तर तो जॅझ उरतो का? अशा पुनर्वादनाला वस्तुसंग्रहालय म्हणून हिणवणारे समीक्षक अमेरिकेत कमी नाहीत. पण हरकत घेणारे बहुधा असा कागद जवळून पाहत नाहीत. दुसऱ्या टेनरच्या कागदावर ओळीमागून ओळी सूर असतात आणि मग अचानक सूर संपतात. पुढच्या सोळा किंवा बत्तीस बारांमध्ये फक्त तिरक्या रेघा आणि वर कॉर्डची नावं. इथे काय वाजवायचं ते वादकाने ठरवायचं. अरेंजरने मोकळी जागा मोजून सोडलेली असते आणि तिच्या आधी काय यायचं, खाली ट्रॉम्बोनांनी कोणता टेकू द्यायचा, नंतर सगळा बँड कुठून पुन्हा शिरायचा, हे त्याने लिहिलेलं असतं. १९६१ मध्ये वुड्सने कार्टरच्या अशाच रिकाम्या रेघांवर वाजवलं आणि ते वाजवणं कार्टरच्या पिढीसारखं नव्हतं. आज कुणी सतरा वर्षांची मुलगी त्याच रेघांवर वाजवेल तेव्हा ते वुड्ससारखंही नसेल. शिवाय सुचलेलं आणि लिहिलेलं यांची सीमा जॅझमध्ये दोन्ही बाजूंनी ओलांडली जाते. १९७० च्या दशकात लॉस एंजलिसमध्ये ‘सुपरसॅक्स’ नावाच्या संचाने चार्ली पार्करचे तत्काळ सुचलेले एकल तुकडे रेकॉर्डवरून उतरवले, पाच सॅक्सोफोनांसाठी लिहिले आणि त्यावर ग्रॅमी मिळवलं. ज्या पार्करचा वारसा मी वर निव्वळ वाजवण्याचा म्हटला, त्याचाही असा कागद झाला. फरक इतकाच की ते इतरांनी केलं.

दुसरी हरकत रेकॉर्डची. ध्वनिमुद्रणं आहेत, मग पुन्हा वाजवायचा खटाटोप कशासाठी? याला एक उत्तर मोजदादीचं: मोठ्या बँडांच्या पेटाऱ्यात शेकडो रचना असत आणि त्यातल्या थोड्याच कंपन्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. दुसरं उत्तर कानाचं. १९३७ च्या तबकडीत खालच्या दोन सॅक्सोफोनांनी काय धरलं आहे ते सराईत कानालाही नीट उकलत नाही. समोर चार माणसं बसून वाजवतात तेव्हा ते एकदम उलगडतं. रेकॉर्डवर किती विसंबता येतं हे ब्राझीलच्या मोआसिर सांतोसच्या बाबतीत कळलं. पेर्नाम्बुकोच्या कोरडवाहू मुलखात वाढलेला, गावच्या बँडमध्ये शिकलेला हा सॅक्सोफोनवादक रिओच्या रेडिओ नॅशनलमध्ये अरेंजर झाला, गिटारवादक बादेन पॉवेलसारख्यांचा शिक्षक झाला आणि १९६५ मध्ये त्याची ‘कोइझास’ ही तबकडी निघाली. मग तो अमेरिकेत गेला आणि त्या रचनांचे मूळ कागद हरवले. २००१ मध्ये मारियो अद्नेत आणि झे नोगेइरा यांनी ‘ओउरो नेग्रो’ हा प्रकल्प केला तेव्हा त्यांना रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकून एकेका वाद्याची ओळ उतरवावी लागली. सुदैवाने सांतोस हयात होता, त्याला विचारता आलं. पाच वर्षांनी तो गेला. तो आधीच गेला असता, तर कित्येक जागा अंदाजाने भराव्या लागल्या असत्या. अद्नेत-नोगेइरांनी केलेलं काम म्हणजे स्मरण, आणि ते झाल्यावरच ब्राझीलमध्ये सांतोसच्या रचना नव्या पिढीच्या हाती आल्या.

तिसरी हरकत व्यवहाराची, आणि तिच्यात दम आहे. तिकीट काढून येणारा माणूस नावाजलेला वादक ऐकायला येतो. सतरा माणसांचा खर्च करून कुणा अरेंजरची रचना ऐकवली तर मांडव रिकामा राहील. चौघांच्या संचापेक्षा बिग बँड कितीतरी महाग पडतो, म्हणूनच दुसऱ्या महायुद्धानंतर बिग बँड एकामागोमाग मोडले. कोटाला हे परवडतं कारण वादक तिथेच राहतात, मुलं शाळेची आहेत आणि विद्यापीठ शेजारी आहे. अशी जुळणी इतरत्र आपोआप होणार नाही हे मान्य करायला हवं. पण मुलांचा मार्ग मोठ्या शहरातही चालतो हे न्यूयॉर्कच्या जॅझ ॲट लिंकन सेंटरने दाखवलं आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ही संस्था ‘इसेन्शियली एलिंग्टन’ या कार्यक्रमातून ड्यूक एलिंग्टनच्या रेकॉर्डवरून काळजीपूर्वक उतरवलेले कागद शाळांच्या बँडांना फुकट पाठवते, आणि निवडक बँड वर्षातून एकदा न्यूयॉर्कला येऊन महोत्सवात वाजवतात. त्याआधी एलिंग्टनची खरी अरेंजमेंट वाजवायची म्हटलं तर बहुतेक शाळांना ती मिळायचीच नाही. मिळायची ती सोपी केलेली आवृत्ती. महोत्सवाचा पैसा पाहुण्या कलावंताच्या मानधनातून थोडा काढून नकलनवीसाकडे वळवला तर काय होतं, त्याचं हे उत्तर आहे. प्रेक्षकही येतात, कारण वाजवणाऱ्या मुलांचे आईबाप आणि मित्र येतातच.

याच लिंकन सेंटरचा कार्टरशी आणखी एक संबंध आहे. कार्टर लहानाचा मोठा झाला तो मॅनहॅटनच्या सॅन हुआन हिल या कृष्णवर्णीयांच्या दाट वस्तीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शहर सुधारणेच्या नावाखाली ती वस्ती पाडली गेली, हजारो कुटुंबं हलवली गेली आणि त्या जागेवर लिंकन सेंटर उभं राहिलं. १९९६ मध्ये त्याच संस्थेच्या जॅझ विभागाने कार्टरचा सन्मान केला तेव्हा नुसता हार घातला नाही. त्याच्याकडून ‘एकोज ऑफ सॅन हुआन हिल’ हे नवं काम लिहून घेतलं. एकोणनव्वद वर्षांच्या माणसाला वाजवायला बोलावणं सोपं होतं. त्याला लिहायला सांगितलं, ही त्या सन्मानातली खरी समज. पाडलेल्या वस्तीची भरपाई त्याने झाली असं कुणी म्हणणार नाही, पण तिचं नाव असलेले सुटे कागद त्या इमारतीत वाजले.

अरेंजर विसरला जातो त्याचं मूळ पैशात आहे हेही सांगायला हवं. गाण्याचा हक्क संगीतकार आणि गीतकाराकडे असतो; अरेंजरला सहसा एकदाचं मानधन मिळतं आणि कागद बँडच्या मालकाचे होतात. रॉयल्टी नाही, म्हणून तबकडीवर नाव छापण्याची निकड नाही. नाव नाही, म्हणून वारसदारांना कागद सांभाळण्याचं कारण नाही. वादकाचा आवाज तबकडीवर असतो, त्याला वगळता येत नाही. लेखकाला सहज वगळता येतं. याचा एक नमुना वुड्सच्याच शेवटच्या कार्यक्रमात दिसतो. ४ सप्टेंबर २०१५ रोजी पिट्सबर्गमध्ये, श्वासाच्या विकाराने थकलेल्या वुड्सने प्राणवायूची नळी लावून तंतुवाद्यांच्या साथीत चार्ली पार्करच्या ‘विथ स्ट्रिंग्ज’ तबकड्यांमधल्या रचना वाजवल्या आणि तिथेच निवृत्ती जाहीर केली. महिनाभराच्या आत तो गेला. त्या कार्यक्रमाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, आणि पार्कर आणि वुड्स यांच्या नावांची सांगड घातली गेली ती योग्यच. पण १९४९ मध्ये ‘जस्ट फ्रेंड्स’साठी तंतुवाद्यांचे ते कागद जिमी कॅरोलने लिहिले आणि पुढच्या वर्षीच्या बऱ्याचशा रचना जो लिपमनने सजवल्या, हे जॅझच्या चाहत्यांपैकीही थोड्यांना ठाऊक असतं. महोत्सवाच्या पत्रिकेत रचनेच्या नावासमोर संगीतकाराबरोबर अरेंजरचंही नाव छापायचं, एवढं करायला तर पैसाही लागत नाही.

आपल्या नावाचा उपयोग कशासाठी व्हावा हे कार्टरने स्वतः ठरवून ठेवलं होतं. प्रिन्स्टनमध्ये शिकवणारे समाजशास्त्रज्ञ मोरो बर्गर हे त्याच्या चरित्राचे एक लेखक. ते चरित्र छापून येण्याआधीच बर्गर वारले. १९८७ मध्ये कार्टरने रटगर्स विद्यापीठाच्या जॅझ संस्थेत बर्गर आणि आपण अशा दोघांच्या नावाने एक निधी स्थापन केला. त्यातून जॅझच्या अभ्यासकांना संशोधनासाठी आणि तिथल्या संग्रहात येऊन काम करण्यासाठी छोटी अनुदानं दिली जातात. कार्टरचे स्वतःचे कागद आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहेत आणि ज्याला त्यातली एखादी सोली वाजवून पाहायची असेल त्याला ते मागून पाहता येतात.